दुसऱ्याच्या गाळ्यातलं दुकान

समजा, बाजारपेठेत तुमचं दुकान आहे. धंदा जोरात आहे, गिऱ्हाईक जुनं आहे, पण गाळा तुमचा नाही. एक दिवस इमारतीचा मालक दर्शनी दारातच तुमच्याच मालाचं स्वतःचं दुकान थाटतो. तुम्हाला कुणी हाकललेलं नसतं, भाडंही वाढवलेलं नसतं. तरी त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. दार, जिना, वीज, पाटी लावायची जागा, सगळं त्याच्या हातात आहे हे तोवर माहीत होतं, आता ते जाणवलेलं असतं.

व्हॉल्व्ह या कंपनीवर ही वेळ 2012 साली आली. व्हॉल्व्ह अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरातली. कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं ‘स्टीम’ हे जगातलं सगळ्यात मोठं दुकान ती 2003 पासून चालवते. आज तिथं गर्दीच्या वेळी एकाच क्षणी 4 कोटींहून जास्त लोक लॉग-इन असतात. ही सगळी उलाढाल जवळजवळ पूर्णपणे विंडोजवर उभी होती, आणि विंडोजचा मालक मायक्रोसॉफ्ट शेजारच्याच रेडमंडमध्ये. व्हॉल्व्हचा प्रमुख गेब न्यूएल स्वतः तिथं 13 वर्षं काढून 1996 मध्ये बाहेर पडलेला. ‘डूम’ हा गाजलेला गेम विंडोज 95 वर आणणाऱ्या कामात तो होता. म्हणजे लोकांनी गेम खेळायला विंडोजकडे यावं यासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या, त्यांच्यातलाच हा माणूस.

ऑक्टोबर 2012 मध्ये विंडोज 8 आलं. स्टार्टचं बटण गायब, त्याऐवजी टॅबलेटसारखे रंगीत चौकोन. लोक वैतागले ते त्या चौकोनांवर. न्यूएलची नजर मात्र दुसरीकडे होती. विंडोजच्या आतच आता मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान आलं होतं, विंडोज स्टोअर. विंडोज 8 चीच विंडोज आरटी नावाची धाकटी आवृत्ती होती, आणि तिच्यावर तर बाहेरचे प्रोग्राम या स्टोअरमधूनच घ्यावे लागत. आज धाकट्या आवृत्तीवर, उद्या सगळीकडे? विंडोज 8 बाजारात यायच्या आधीच, जुलै 2012 मध्ये, पीसीच्या क्षेत्रातल्या सगळ्यांसाठी हे संकट आहे असं त्यानं सिएटलमधल्या एका परिषदेत जाहीरपणे सांगितलं. यात त्याचा स्वार्थ होताच, कारण प्रत्येक विक्रीतले 30 टक्के तेव्हा स्टीमच्या गल्ल्यात पडत. पण स्वार्थ असला तरी त्याची भीती खोटी नव्हती.

मग गाळा सोडून दुसरीकडे जावं म्हटलं, तर ते इतकं अवघड का? विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ यंत्रणा. लिनक्स ही तशीच दुसरी, पण कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली. लोक म्हणतात, ‘गेम विंडोजवर चालतो, लिनक्सवर चालत नाही.’ या ‘चालतो’ शब्दाच्या पोटात काय दडलंय ते बघू.

गेम म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचनांची प्रचंड लांब यादी. तोच इंटेलचा किंवा एएमडीचा प्रोसेसर विंडोजखालीही असतो आणि लिनक्सखालीही, त्यामुळे बेरीज-वजाबाकी, तुलना, यादीत पुढं-मागं उडी मारणं या सूचना त्याला दोन्हीकडे सारख्याच कळतात. अडतं ते गेमला बाहेरचं काही हवं असतं तेव्हा. फाईल उघडायची आहे, आवाज वाजवायचा आहे, कंट्रोलरचं बटण दाबलं का ते बघायचं आहे, पडद्यावर त्रिकोण काढायचा आहे. यातलं काहीही गेम स्वतः करत नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करावा लागतो.

तहसील कचेरी डोळ्यांपुढे आणा. उतारा हवा असेल तर ठरलेल्या खिडकीवर, ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या क्रमानं माहिती भरून अर्ज द्यायचा. विंडोज ही अशी एक कचेरी, तिचे हजारो नमुने. लिनक्स दुसरी कचेरी. कामं तीच, पण नमुने वेगळे, खिडक्या वेगळ्या. विंडोजसाठी लिहिलेला गेम जन्मभर विंडोजच्या नमुन्यात अर्ज भरायला शिकलेला असतो. त्याला लिनक्सच्या दारात उभं केलं, की पहिल्याच अर्जाला तो अडकतो. चित्रं काढण्याच्या अर्जांचा तर स्वतंत्र गठ्ठाच आहे, त्याचं नाव डायरेक्टएक्स. 1995 पासून मायक्रोसॉफ्टनं तो जोपासलाय, आणि कॉम्प्युटरवरचे बहुतेक मोठे गेम त्यातच लिहिले जातात. विंडोजची खरी तटबंदी ही आहे. स्टार्टचं बटण किंवा रंगीत चौकोन आवडोत न आवडोत, त्यानं फरक पडत नाही.

व्हॉल्व्हनं आधी सरळ मार्ग धरला. स्वतःचे गेम लिनक्सच्या नमुन्यात नव्यानं लिहायला घेतले. ऑगस्ट 2012 मध्ये त्यांनी आकडे जाहीर केले. ‘लेफ्ट 4 डेड 2’ लिनक्सवर पहिल्यांदा चालला तेव्हा सेकंदाला 6 चित्रं उमटत होती, म्हणजे खेळणं अशक्य. घासूनपुसून तो 315 वर नेला. त्याच मशिनवर विंडोज 7 खाली तो 270.6 देत होता. या कामातून शिकलेलं परत विंडोजकडे नेल्यावर तिथला वेगही वाढला, हे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं. फेब्रुवारी 2013 मध्ये लिनक्ससाठी स्टीम रीतसर आलं. पुढं लिनक्सवरच आधारलेली स्टीमओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम आली, आणि नोव्हेंबर 2015 मध्ये ती घालून वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेले ‘स्टीम मशीन’ नावाचे डबे दुकानात लागले.

ते साफ पडले.

कारण आधी कोंबडी की आधी अंडं. गेम बनवणारे विचारत, लिनक्सवर गिऱ्हाईक किती? एक टक्का. मग त्या एका टक्क्यासाठी वर्षभर माणसं कामाला लावून गेम नव्यानं कोण लिहील? आणि खेळणारे विचारत, माझे गेम तिथं आहेत का? नाहीत. मग मी जाऊ कशाला? दोघांचंही बरोबर होतं. स्वतःचे दोन-चार गेम व्हॉल्व्ह लिहू शकत होती, पण दुकानातला बाकीचा हजारोंचा माल दुसऱ्यांचा होता, आणि त्यांना हलवण्याइतकं वजन तिच्याकडे नव्हतं. गूगलसारख्या बलाढ्य कंपनीलाही पुढं हाच अनुभव आला. 2019 मध्ये तिनं स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळवणारी सेवा लिनक्सवर उभारली आणि गेमवाल्यांना आपले गेम तिथं आणायला सांगितलं. फारसे आले नाहीत. जानेवारी 2023 मध्ये ती सेवा बंद पडली, अर्थात त्याला इतरही कारणं होती.

सुटकेची वाट निघाली ती वेगळ्याच, जुन्या आणि बहुतेकांनी दुर्लक्षिलेल्या जागी.

1993 पासून वाइन नावाचा एक प्रकल्प चालू होता. त्याची कल्पना अशी: गेमला नवे नमुने शिकवायचेच नाहीत. लिनक्सच्या कचेरीत एक नवी खिडकी उघडायची आणि तिथं असा कारकून बसवायचा, जो विंडोजच्या नमुन्यातला अर्ज जसाच्या तसा घेईल, आत जाऊन लिनक्सच्या पद्धतीनं काम करवून आणेल आणि उत्तर परत विंडोजच्या नमुन्यात देईल. गेमला आपण कुठं उभे आहोत याचा पत्ताच लागत नाही. एम्युलेटर म्हणतात तो प्रकार वेगळा. त्यात कचेरीच्या आवारात अख्खी दुसरी कचेरी बांधायची, भिंतींपासून शिपायापर्यंत सगळी खोटी. ते जड आणि संथ होतं. वाइनमध्ये गेमच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर धावतात, फक्त अर्ज तेवढे वळवले जातात, म्हणून त्याला वेग मिळतो.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. विंडोजचे हजारो नमुने, त्यातल्या कित्येकांच्या बारीकसारीक खोडी कुठंच लिहून ठेवलेल्या नाहीत. आणि मायक्रोसॉफ्टचा आतला कोड बघायचा नाही हे पथ्य. ज्यानं तो कधी पाहिलाय त्याचं काम वाइनमध्ये घेतच नाहीत. म्हणजे बाहेरून अर्ज द्यायचा, उत्तर बघायचं आणि आत काय घडत असेल ते ताडायचं. वाइनची 1.0 ही पहिली पक्की आवृत्ती यायला 2008 उजाडलं. पंधरा वर्षं! ज्यांनी ती काढली त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

वाइनची दुखरी नस होती चित्रं. डायरेक्टएक्सचे नवे नमुने वळवताना वेग पार कोसळायचा. तिथं दोन गोष्टी जुळून आल्या. 2016 मध्ये व्हल्कन आलं. हाही चित्रं काढण्याच्या अर्जांचाच गठ्ठा, पण कुणा एका कंपनीच्या मालकीचा नसलेला आणि ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे चित्रं काढणाऱ्या चिपच्या, अगदी जवळ जाऊन बोलणारा. दुसरी गोष्ट म्हणजे फिलिप रेबोले हा जर्मन प्रोग्रॅमर. त्याला ‘निअर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता आणि तो नीट चालत नव्हता. म्हणून त्यानं डायरेक्टएक्सचे अर्ज व्हल्कनमध्ये वळवणारा डीएक्सव्हीके नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. एका माणसाचा एका गेमचा हट्ट. व्हॉल्व्हनं हे हेरलं आणि त्याला पगार देऊन तेच काम पूर्णवेळ करायला लावलं.

वाइन, डीएक्सव्हीके आणि असे आणखी काही तुकडे एकत्र बांधून व्हॉल्व्हनं ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन आणलं. वाइनवर वर्षानुवर्षं काम करणारी कोडवीव्हर्स ही कंपनी सोबत होती. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं वळण इथं आहे. त्या दिवसापासून गेमवाल्यांची मनधरणी करायची गरज बरीचशी संपली. त्यांनी विंडोजसाठीच लिहावं, लिनक्सचं नावही काढू नये, तरी गेम लिनक्सवर चालावा. कोंबडी आणि अंडं या वादालाच बगल मिळाली.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर बघता येतं. माझ्या भाच्याकडे 2017 सालचा पीसी आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी बसून त्यावर लिनक्स टाकलं, स्टीम टाकलं आणि त्याचा आवडता गाड्यांच्या शर्यतीचा गेम डाउनलोड केला. हा गेम फक्त विंडोजसाठी विकला जातो. ‘प्ले’ दाबलं, पहिल्या वेळी जरा थांबला आणि सुरू झाला. भाच्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही. मग मी त्याला स्टीमच्या फोल्डरमध्ये आत आत नेलं. तिथं प्रत्येक गेमच्या नंबरचं एकेक फोल्डर असतं आणि त्याच्या पोटात ‘ड्राइव्ह सी’. ते उघडलं तर आत ‘विंडोज’, ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘यूजर्स’, आणि यूजर्समध्ये ‘स्टीमयूजर’ नावाचा एक माणूस, जो घरात कुणीच नाही.

“मामा, अरे, विंडोज तर इथंच आहे की!”

नाही. ते सगळं गेमसाठी मांडलेलं बिऱ्हाड आहे. गेम म्हणतो, सी ड्राइव्हवर अमुक फोल्डरमध्ये माझी सेव्ह फाईल ठेव, आणि प्रोटॉन ती मुकाट्यानं इथं आणून ठेवतं. प्रत्येक गेमला असं वेगळं बिऱ्हाड मिळतं, त्यामुळे एकानं केलेला पसारा दुसऱ्याच्या आड येत नाही. भाच्यानं त्या विंडोज फोल्डरमध्ये बराच वेळ डोकं घातलं. गेम सुरू झाला त्यापेक्षा हे त्याला जास्त भारी वाटलं असावं.

प्रोटॉनच्या जिवावर व्हॉल्व्हनं पुन्हा यंत्र काढलं. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर लोकांना मिळू लागला. सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, पाऊण किलोच्या आतलं वजन, तेव्हाची किंमत 399 डॉलरपासून. आत लिनक्सवरचं नवं स्टीमओएस. आपल्याकडे तो अधिकृतपणे विकला जात नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो बाहेरून आणवलेला असतो.

त्याच आठवड्यात ‘एल्डन रिंग’ हा बहुचर्चित गेम आला होता, आणि पीसीवर तो मध्येच अडखळत होता. व्हॉल्व्हच्या लोकांनी खोलात जाऊन पाहिलं, तर काही ठिकाणी गेम एकदम हजारो छोट्या छोट्या अर्जांचा मारा करत होता आणि मेमरी वाटून देणारी यंत्रणा त्याखाली दबून जात होती. गेमच्या कोडला त्यांना हात लावता येत नव्हता, पण मधला कारकून तर त्यांचाच होता. त्याला शिकवलं की असे अर्ज आले की दर वेळी नवी मेमरी मागायला जाऊ नकोस, आधीची राखून ठेव आणि तीच दे. डेकवर गेम सुरळीत झाला, आणि तोही विंडोजवर लोक अजून तक्रार करत असताना. वळवलेला अर्ज थेट अर्जापेक्षा संथच असणार असं आपण गृहीत धरतो. पण मधला माणूस हुशार असेल तर गणित उलटतं.

मे 2025 मध्ये लेनोव्होनं लीजन गो एस हे हातातलं यंत्र स्टीमओएससह विकायला काढलं. व्हॉल्व्हबाहेरच्या कंपनीचं हे पहिलंच. तेच यंत्र विंडोज 11 सहही मिळत होतं, त्यामुळे सरळ तुलना करता आली. आर्स टेक्निका या तंत्रज्ञानाच्या साइटनं ती केली, तेव्हा तपासलेल्या बहुतेक गेममध्ये स्टीमओएस पुढं निघालं. विंडोजसाठीच लिहिलेले गेम, एकच यंत्र, आणि विंडोज मागं.

असं का? विंडोज हे ऑफिसचं, घरचं, बँकेचं, सगळ्यांचं ओझं घेऊन चालतं. हातातल्या छोट्या पडद्यावर गेम सुरू असतानाही टास्कबार, डेस्कटॉप आणि मागं चालणारे प्रोग्राम मेमरीत ठाण मांडून बसलेले असतात. स्टीमओएस सुरू होतं तेच थेट गेमच्या यादीत. पॉवरचं बटण दाबलं की गेम जागच्या जागी झोपतो, पुन्हा दाबलं की तिथूनच पुढं चालू. मायक्रोसॉफ्टलाही हे उमगलंय. ऑक्टोबर 2025 मध्ये आसुसबरोबर काढलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅलाय यंत्रात डेस्कटॉप न उघडता पूर्ण पडदाभर गेमच दाखवायची सोय त्यांनी दिली.

याच सुमाराला विंडोजवरचा लोकांचा राग वेगळ्या कारणांनी वाढत होता. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत. स्टार्ट मेनूत जाहिरातवजा शिफारशी आल्या. मे 2024 मध्ये जाहीर झालेलं ‘रिकॉल’, थोड्या थोड्या वेळानं तुमच्या पडद्याचा फोटो काढून ठेवणारं, यावर तर इतका गदारोळ झाला की ते पुढं ढकलावं लागलं. आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्याच महिन्यात स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदा 3 टक्क्यांच्या वर गेला. तीन टक्के म्हणजे फार नव्हेत. बाकी बहुतेक सगळे अजून विंडोजवरच आहेत. पण कित्येक वर्षं हाच आकडा एकाच्या आसपास घुटमळत होता.

आता राहिलेली सगळ्यात मोठी भिंत. ती तांत्रिक दिसते, पण मुळात भरवशाची आहे.

मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये काही जण लबाडी करतात. भिंतीपलीकडचा माणूस दिसणारे, नेम आपोआप लावणारे प्रोग्राम वापरतात. त्यांना पकडायला गेमबरोबर अँटी-चीट नावाचा पहारेकरी येतो. लबाडीचे प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमच्या खोलवर लपू लागले, तसा पहारेकरीही खोल गेला, थेट कर्नलमध्ये. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिजोरीची खोली. तिथं पोचलेल्या प्रोग्रामला सगळं दिसतं आणि सगळं करता येतं. ‘व्हॅलोरंट’ या ऑनलाइन गेमचा व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी तिथं बसतो. तिथली चूक किती महाग पडते ते 19 जुलै 2024 ला जगानं पाहिलं. गेमशी काहीही संबंध नसलेल्या क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक चुकीचं अपडेट तिजोरीच्या खोलीत शिरलं आणि सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवत बंद पडले.

लिनक्सवर या पहारेकऱ्याची पंचाईत होते. लिनक्सचा कर्नल खुला आहे. कुणीही तो घ्यावा, बदलावा, स्वतःचा बांधावा. म्हणजे तिजोरीची खोलीच घरमालकानं हवी तशी बांधलेली. पहारेकऱ्यानं ‘इथं काही लपलंय का?’ विचारलं, तर खोली खोटं बोलू शकते. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या अँटी-चीटनी 2021 मध्ये प्रोटॉनला वाट मोकळी करून दिली, पण ती वापरायची की नाही हे प्रत्येक गेमवाल्यावर सोडलं. काहींनी वापरली. ‘फोर्टनाइट’नं नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ तर आधी लिनक्सवर चालत होता, ऑक्टोबर 2024 च्या शेवटी तो दरवाजा लबाडीचं कारण देऊन बंद केला गेला.

यात गेमवाले सरसकट चुकीचे आहेत असं मला वाटत नाही. ज्याला रोज रात्री लबाडांकडून मार खावा लागतो, त्याला कर्नलचं स्वातंत्र्य ऐकवून काय उपयोग? पण खेळायला आलेल्या प्रत्येकाकडून त्याच्या तिजोरीची किल्ली मागायची, हा तोडगाही मला पटत नाही. लबाडी सर्व्हरवर, म्हणजे गेमवाल्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, पकडायचे उपाय आहेत. भिंतीमागचा शत्रू दिसायच्या आधी त्याची जागा खेळाडूच्या कॉम्प्युटरला कळवायचीच नाही, हा त्यातला एक. ते महाग पडतात, आणि सगळ्या प्रकारची लबाडी त्यांनी थांबत नाही.

मग व्हॉल्व्ह खरंच मोकळी झाली का? अर्धी. गाळा स्वतःचा झाला, पण माल अजून विंडोजच्या मापानंच तयार होतो. उद्या मायक्रोसॉफ्टनं डायरेक्टएक्समध्ये नवा नमुना आणला, की खिडकीवरच्या कारकुनाला तो शिकावाच लागणार. आणि स्टीम स्वतः आता केवढा मोठा मालक झालाय हे विसरून चालणार नाही. त्याच्या गाळ्यात हजारो लहान गेमवाले भाड्यानं बसलेत.

दिलासा आहे तो वेगळ्या गोष्टीत. वाइन, डीएक्सव्हीके, प्रोटॉन यांचा कोड खुला आहे. व्हॉल्व्हला उद्या दुर्बुद्धी सुचली तरी तो परत घेता येणार नाही. बॅझाइट नावाची, स्टीम डेकसारखीच वागणारी ऑपरेटिंग सिस्टिम स्वयंसेवकांनी केलीये आणि ती साध्या पीसीवरही बसते. हिरोइक नावाच्या प्रोग्राममधून एपिक आणि जीओजी या दुसऱ्या दुकानांतले गेमही याच यंत्रणेवर चालतात. अ‍ॅपलनं 2023 मध्ये मॅकवर विंडोजचे गेम चालवून बघायची साधनं दिली, त्यातही वाइनच्याच घराण्यातला कोड होता. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये व्हॉल्व्हनं जाहीर केलेल्या स्टीम फ्रेम या डोळ्यांवर चढवायच्या यंत्रात तर मोबाइलसारखा आर्म प्रोसेसर आहे. तिथं नुसते अर्ज वळवून भागत नाही, गेममधली सूचनांची यादीही दुसऱ्या भाषेत न्यावी लागते. त्यासाठी फेक्स नावाचा आणखी एक खुला प्रोग्राम मध्ये बसवलाय.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आधी आपल्या गेमची यादी काढा आणि प्रोटॉनडीबी या साइटवर एकेक नाव टाका. कुठला गेम कुठल्या कार्डावर कसा चालतो ते खेळणाऱ्यांनीच तिथं लिहून ठेवलंय. एकट्यानं खेळायचे बहुतेक गेम चालतील. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हरची, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची, काळजी थोडी जास्त घ्यावी लागेल. आणि यादीत ‘व्हॅलोरंट’ असेल, तर विंडोज पुसू नका.

भाच्याच्या यादीत ते होतं. घरच्या पीसीवर आता तो शर्यती खेळतो, आणि ‘व्हॅलोरंट’साठी शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर कॅफेत जातो. तिथल्या सगळ्या मशिनवर विंडोज आहे, आणि मालकाला त्यात बदल करायचं तूर्त काही कारण नाही.